दोर धरणारी मावशी

तिला सगळे पाल म्हणायचे. भिंतीला चिकटून सरसर चढते म्हणून. तिच्या आईला हे नाव मुळीच आवडायचं नाही. एकुलत्या एका लेकीला असं काय म्हणता, म्हणून ती बरीच वर्षं कुरकुरली आणि मग एक दिवस स्वतःच जिन्यातून "पाल, जेवायला चल" अशी हाक मारून मोकळी झाली.

पालीचं वय एकोणतीस, काम पुस्तकं बांधायचं. दिवसभर दाभण, दोरा आणि खळ, आणि संध्याकाळी चढाईच्या हॉलमधली पंधरा मीटरची भिंत. यंदा गिर्यारोहणाच्या एका मोठ्या मोहिमेसाठी निवड होती आणि तिशीच्या पुढच्यांना घेत नव्हते. म्हणजे तिला ही एकच संधी. अशा वेळी माणसाचं नेमकं काय दुखावं? उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट. एका बारीक खाचेत सगळं अंग त्या बोटावर तोललं गेलं आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

हाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की बोटाची दोरी हाडाशी धरून ठेवणारा पट्टा आत ताणला गेलाय. निवड दहा आठवड्यांवर होती. त्यांच्या मते तोवर जमू शकेल, पण घाई केली तर मात्र काही सांगता येत नाही. मग त्यांनी एक व्यायाम दिला. दाराच्या चौकटीला वर एक फळी ठोकायची, खाली वजनकाटा ठेवून त्यावर उभं राहायचं आणि फळीला बोटांनी धरून ओढायचं. पाय उचलायचे नाहीत. काट्यावरचं वजन जितकं उतरेल, तितका भार बोटांवर आला. आणि दर खेपेला दहापैकी किती दुखतंय ते खरं खरं सांगायचं. दोनपर्यंत असेल तर पुढच्या आठवड्यात दोन किलो वाढवायचे, त्याच्या वर गेलं की थांबायचं.

आता मान वर करून ओढणाऱ्या बाईने पायाखालचा काटा वाचायचा कसा? त्यासाठी मावशी होती. ही आईची थोरली बहीण, लोखंडाच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेली. स्वतः कधी भिंत चढली नाही, पण पालीचा दोर तीच धरायची. खाली उभी राहून, डोळ्यांत तेल घालून. पाल वरून सुटली की दोर घट्ट, आणि पाल हवेत. सहा वर्षांत एकदाही तिचा हात चुकला नव्हता.

तर मावशी रोज संध्याकाळी चष्मा लावून दाराशी स्टुलावर बसायची, काटा वाचायची आणि विचारायची, किती दुखतंय? पाल म्हणायची, दोन. मावशी वहीत दोन लिहायची.

पहिले तीन आठवडे ते खरंच दोन होतं. मग झालं चार. एखाद्याने तोंड उघडलं असतं. पण चढणाऱ्यांची जात भारी हट्टी, त्यांना सगळ्यातच वर जायचं असतं. चार म्हटलं तर मावशी किलो वाढवणार नाही, किलो वाढले नाहीत तर निवडीपर्यंत बोट तयार होणार नाही. पाल म्हणाली दोन. पाच झालं, तरी दोन. बिचारी मावशी प्रत्येक दोनवर खूश व्हायची, आठवडा सरला की किलो वाढवायची आणि वर पाठ थोपटायची. नवव्या आठवड्यात पाल दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन व्यायाम करायला लागली. आता काय म्हणावं या पोरीला!

निवडीच्या दिवशी सकाळी तिने दोन गोळ्या घेतल्या आणि बोटाला पट्टी करकचून गुंडाळली. मावशी तिला हॉलच्या दाराशीच भेटली. निवडीचा नियम असा की दोर धरणारा आपला आपण आणायचा, सहा महिने बरोबर सराव केलेला. आयत्या वेळचा माणूस चालत नव्हता. टेबलाशी बसलेल्या बाई नाव लिहून घेणार, एवढ्यात मावशीने त्यांना थांबवलं.

"मला ताप आहे," ती म्हणाली. "रात्रीपासून. वाटलं उतरेल. नाही उतरला. मी हिचा दोर धरू शकत नाही."

पालीने मावशीला बाजूला ओढलं. दहा मिनिटांचं तर काम, ती म्हणाली, गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं? मावशीचे डोळे लाल झाले होते आणि ती भिंतीला टेकून उभी होती. अंगात कणकण असली की ती क्रेनवरही चढायची नाही, साहेब कितीही ओरडला तरी. खाली माणसं असतात.

"वर बघितलं की मला दोन पाली दिसतायत," ती म्हणाली. "त्यातली कुठली धरू, सांग."

संधी गेली ती गेलीच. पालीने रागाने तोंड फुगवलं, पण मावशीला टाकून कशी जाणार? तिला बसमध्ये बसवलं, घरी आणलं, अंथरुणावर निजवलं. थर्मामीटर लावला तर ताप एकशे दोनच्या वर. मावशीने विचारलं, तापाची एखादी गोळी आहे का गं? पालीने विचार न करता पर्समधली दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. दहातल्या आठ गोळ्या संपलेल्या.

मावशीने पट्टी हातात धरली. मग पालीच्या गुंडाळलेल्या बोटाकडे बघितलं. पालीला वाटलं, आता खरपूस समाचार घेणार. पण मावशीचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी तुला रोज आणखी ओढ, आणखी ओढ म्हणत होते," ती म्हणाली. "आणि तुझं मोडत होतं."

इतका वेळ स्वतःला आवरून धरलेली पाल तिथेच अंथरुणाच्या कडेला बसून ढसाढसा रडली. खरा आकडा किती, ते तिने स्वतःहून सांगितलं. सात. कित्येक दिवसांनी खरं बोलल्यामुळे तिला एकदम हलकं वाटलं, नि भूकसुद्धा लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मावशीला अजून ताप होता, पण ऐकेल तर ना! शाल पांघरून, तोंडाला मास्क लावून ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत डॉक्टरांनी तपासणी केली, पडद्यावर बोटाचं चित्र लावलं आणि पालीला बोलणी खाऊ घातली, ती तिने मान खाली घालून खाल्ली. पट्टा अर्ध्याहून जास्त फाटला होता. काल त्या भिंतीवर चढली असती, तर उरलेलाही तुटला असता. मग चढणं तर लांबच, दाभणसुद्धा हातात धरवलं नसतं. आता सहा महिने भिंतीकडे बघायचंही नाही. पण नीट राहिली तर बोट पूर्ण बरं होईल. काल तुम्हाला थांबवलं कुणी, त्यांनी विचारलं, त्या माणसाचे आभार माना.

पाल बाहेर आली. बाकाशेजारी उभी राहिली.

"काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"म्हणाले, मावशीला ताप अगदी वेळेवर आला."

मावशी मास्कच्या आत हसली, हसताना खोकली, आणि पालीकडून पाठीवर थाप मारून घेत कशीबशी सावरली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आजवर माझा ताप कधी कुणाच्या उपयोगी पडला होता?"

पालीने तिथेच, रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर, तिला घट्ट मिठी मारली. लांब हो, तुलाही ताप येईल, असं मावशी म्हणत राहिली. पाल काही तिला सोडेना.