पाळत

राजमतीबाई सिनेमाला आल्याच नव्हत्या. त्या लेकीला पकडायला आल्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढून बरोबर प्रीतीच्या मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. सांगलीच्या बाजारात नवऱ्याच्या हळदीच्या पेढीवर बसून त्यांना एक खोड जडली होती. वरचं हळकुंड फार चांगलं दिसलं की पोत्याच्या तळात हात घालायचा. प्रीतीच्या पर्सच्या तळातही त्यांचा हात रोज जायचा. काल तिथं सिनेमाची दोन तिकिटं निघाली, आणि आज पोरगी "क्लासला जाते" म्हणून घराबाहेर पडली.

प्रीतीच्या शेजारी बारीक केस कापलेलं एक डोकं होतं. 'अठराव्या वर्षीच दिवे लावले!' राजमतीबाई मनात म्हणाल्या. त्या डोक्यानं प्रीतीच्या खांद्यावर मान टाकली, तेव्हा तर कानाखाली वाजवायला त्यांचा हात शिवशिवला.

पडद्यावर दोन मैत्रिणी होत्या. एकीवर ओळखीच्याच पोरानं जबरदस्ती केली होती आणि दुसरी तिला विचारत होती, तू ओरडली का नाहीस? राजमतीबाईंनाही हाच प्रश्न पडला होता. असल्या पोरींचा त्यांना कधीच भरवसा वाटला नव्हता.

तेवढ्यात ते डोकं बोललं. "मीबी नगं म्हनलं व्हतं, प्रीती. दोनदा. वरडाया आवाजच फुटला न्हाई."

आवाज ओळखीचा होता. कोरेगावच्या फौजीची शिवांजली, हॉस्टेलवर राहणारी. दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायची. कमरेपर्यंत वेणी होती तिची. तीन महिने ती फिरकली नव्हती. पोरीला शिंगं फुटली, असं राजमतीबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"कुणाला म्हणालीस?" प्रीतीनं विचारलं.

"तुज्या दादाला. तू क्लासला गेल्तीस तवा. तुला सांगाया जमंना, म्हनून ह्यो सिनेमा दावाया हितं आनलं."

प्रीतीनं तिला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. राजमतीबाई अंधारात चाचपडत बाहेर पडल्या.

रिक्षात त्यांनी स्वतःला बजावलं, पोरी काय वाटेल ते सांगतात. आपला मुलगा, आपला अतिशय, तसला नाही. पण तो कसला आहे, हे त्यांनी कधी पाहिलं होतं? प्रीतीची पर्स, फोन, वह्या, सगळं तपासलं. पोराच्या खिशात एकदाही हात घातला नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायची, ही त्यांच्या जैन घरची रीत. अतिशय ताटावर बसला होता.

"शिवांजली येईना झाली रे हल्ली," त्या भाकरी वाढत म्हणाल्या.

"कोण शिवांजली?" त्यानं मान वर केली नाही.

दोन वर्षं त्याच्याच शेजारी बसून जेवलेली पोर. राजमतीबाईंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं प्रीती आली. "क्लास लांबला, आई," दारातच म्हणाली.

"राहू दे ते. शिवांजली हॉस्टेलवर आहे का? चल."

प्रीती दारात आडवी उभी राहिली. "तू... तू तिला काय विचारणार?"

"काही नाही. विचारायचं ते घरात विचारलं. आता ती सांगेल ते ऐकायचं, आणि ती म्हणेल तिथं तिच्यासोबत जायचं."

"आई, भाकरी!" आतून अतिशयची हाक आली.

समोरच्या भिंतीवरचं ऊन संपत आलं होतं. राजमतीबाईंचं स्वतःचं ताट वाढायचं राहिलंच होतं. आता सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. त्यांनी लेकीचा हात धरला आणि जिना उतरू लागल्या.