डाव्या हाताखालचा सांधा

मी एक स्टिअरिंग आहे. अक्रोडाच्या लाकडाचं, एका जुन्या लाल स्पोर्ट्स गाडीचं. आधीच सांगून टाकतो, माझ्या हातून एक खोटं झालं आहे. मला हात नाहीत ही गोष्ट वेगळी.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांच्या माघारी ती अठरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मूळच्या स्टिअरिंगचा वाळवीनं भुगा केला होता. उरली होती ती आतली धातूची कडी आणि तीन आरे. ते घेऊन डॉक्टर एका सुतार मिस्त्रींच्या कारखान्यात आले. कारखाना आपला म्हणायचा. एक लांबट खोली, दोन टेबलं आणि घोट्यापर्यंत भुसा. तिथे मिस्त्री आणि त्यांची मुलगी, दोघंच काम करायची.

मला घडवलं मुलीनं. मागच्या बाजूला बोटं नीट बसावीत म्हणून तिनं कानशीनं एकेक खळगा काढला आणि प्रत्येकात स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मग डॉक्टरांचा जाड हात आठवून तिनं सगळे खळगे पुन्हा घासले. वरून एक लाकडी कडी, खालून एक, मध्ये धातू. सरस लावून तिनं मला चौदा शिकंज्यांत आवळलं आणि भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं, ‘उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रींनी शिकंजे सोडले. डॉक्टरांना त्यांनी दुपारचा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द सरसापेक्षा लवकर सुकतो असं त्यांना वाटत असावं. मुलगी आली तेव्हा मी मोकळा होऊन टेबलावर पडलेलो होतो.

मिस्त्रींची एक रीत होती. तयार वस्तूवर बोटाची पेरं ठोकत फिरायचं आणि कान द्यायचा. भरीव असेल तर लाकूड टणक वाजतं, आत फट असेल तर भद्द. या कानाच्या जोरावर त्यांनी नाव कमावलं होतं. पण ठोकताना लावायचा तो उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, डावा तेवढा शाबूत होता. तेव्हापासून घरात सगळे मोठ्यानं बोलायचे आणि का बोलतो ते कुणी म्हणायचं नाही.

त्यांनी मला ठोकलं. डाव्या हाताच्या जागी मी भद्द वाजलो. त्या क्षणी तरी मी खरा होतो.

मुलगी म्हणाली, “बाबा, इथे पोकळ वाजतंय. परत आवळू या.”

“मला नाही तसं ऐकू आलं.”

“मागच्या आठवड्यात फोन वाजत होता, तोही तुम्हाला ऐकू आला नव्हता.”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट पकडलं आणि बरोबर त्या जागी दोन्ही हातांनी लोंबकळले, अंगाचा सगळा भार टाकून. सांधा सुटत होता. मला कळत होतं. पण मुलीसमोर त्यांची फजिती होईल म्हणून मी दातओठ खाऊन धरून राहिलो. लाल गाडीत बसायची घाई होती, हेही खरं. मोठ्यांचं मन राखायची ही घाणेरडी सवय मला कुठून लागली कोण जाणे. झाडात तर नव्हती.

“बघ. आता बोल,” मिस्त्री म्हणाले. तिच्याकडे बोलायला मी काही ठेवलंच नव्हतं.

चार महिने मी मजेत होतो. मग एका उन्हाच्या दुपारी, एका वळणावर, सांधा उघडला. डॉक्टरांच्या तळहाताची कातडी फटीत गेली आणि चाक सरळ होताना फट मिटली. सहा टाके पडले. तीन आठवडे दवाखाना बंद.

हाताला पट्टी बांधून डॉक्टर मला परत घेऊन आले. मिस्त्री म्हणाले, “सरस मुलीनं लावला होता.”

शब्दशः खरं. मुलगी मागेच उभी होती. तिनं अंगातला एप्रन काढला, खिळ्याला अडकवला आणि गेली. पुढे ती कुठल्याशा फर्निचरवाल्याकडे कपाटांची दारं घासते असं कानावर आलं. माझ्यासारखं स्टिअरिंग घडवणारी मुलगी, आणि कपाटांची दारं! मी वेळेवर तुटलो असतो तर हे झालं नसतं.

मिस्त्रींनी मला एकट्यानंच उघडलं. सरस काठोकाठ लागलेला होता, ब्रशाच्या रेघा अजून दिसत होत्या. तो फक्त दाबाखाली पुरता सुकला नव्हता. माझे दोन्ही तुकडे त्यांनी न जोडता तिच्या एप्रनखाली ठेवून दिले.

महिन्यानं मुलगी स्वतःच्या पटाश्या न्यायला आली. मिस्त्रींनी तुकडे तिच्यापुढे सरकवले.

“यापुढे ठोकून तूच बघत जा. मला उजव्या कानानं काही ऐकू येत नाही.”

“माहीत आहे, बाबा. सगळ्या गल्लीला माहीत आहे.” तिनं एप्रन उचलला. “पण चूक कुणाची ते डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं.”

मिस्त्रींनी मान डोलावली.

या वेळी मी दोन दिवस शिकंज्यांत होतो. न्यायला आलेले डॉक्टर मिस्त्रींच्या शेजारी उभे राहिले आणि हसून म्हणाले, “या वेळी तुम्ही स्वतः केलंत ना? मुलीच्या हाती नाही ना दिलंत?”

मिस्त्री मला फडक्यानं पुसत होते. ते पुसतच राहिले, काही कानावर पडलंच नाही अशा चेहऱ्यानं.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “ते तुमच्या डावीकडे उभे आहेत.”

मिस्त्री तरीही पुसत राहिले. मग मुलीनंच माझ्यावरून फडकं ओढून घेतलं, मला डॉक्टरांच्या हातात दिलं आणि ती आत निघून गेली.

आता माझा सांधा पक्का आहे. प्रत्येक वळणावर डॉक्टरांच्या तळहातावरचा वण बरोबर तिथेच टेकतो, आणि मला ते लोंबकळणं आठवतं. रोज त्यांच्या हातात असूनही मला त्यांना काही सांगता येत नाही.

तुम्हाला येईल. सिग्नलला तुमच्या शेजारी एखादी लाल, उघड्या टपाची गाडी थांबली आणि डाव्या तळहातावर वण दिसला, तर एवढंच सांगा, की मुलीनं सरस नीट लावला होता. ओरडायची गरज नाही. डॉक्टरांना दोन्ही कानांनी ऐकू येतं.