कर्नाळ्यावर अपूर्व मेला त्याची गोष्ट

ब्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. पनवेलच्या एका शाळेची सहावी कर्नाळ्यावर लढाई खेळत होती. निम्मे मावळे, निम्मे गनीम, हातात कागदाचे बोळे. बोळा लागला की आडवं पडायचं, शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही, हा कायदा. शिट्टी शाळेच्या शिपायाच्या, जगनच्या गळ्यात. वर्गाच्या पद्मजाबाईंचा पाय मुरगळला, त्या गडाच्या खालच्या दरवाजातच बसल्या. म्हणाल्या, "जगन, चाळीस पोरं तुझ्या हवाली." तेव्हापासून जगन सारखी डोकी मोजत होता.

एकोणचाळीस पोरं गुमान मरायची. अपूर्व मात्र मरतच नव्हता. बोळा नाकावर बसला तरी "लागलाच नाही!"

"चीटर! किती वेळा जगशील रे?" मिताली ओरडली.

"थांब, तोफच आणतो!"

आणि या पठ्ठ्याने खिशातून दिवाळीची उरलेली लवंगी माळ आणि काडेपेटी काढली की! जगन धावेपर्यंत तडतडली पण. नेमकी सुळक्याच्या बुडाशी. आणि वर कातळाला आग्या माश्यांची पोळी, सुपाएवढी.

धूर वर गेला. पोळ्याचं काळं अंग हललं. घूंऽऽ सुरू झालं.

जगन आपटा गावाकडचा, रानातला माणूस. एक पोर पळालं की सगळी पळणार, आणि चार ढांगांवर कडा. तो दबक्या आवाजात म्हणाला, "समदे मेले. दोनी फौजा. तोंड मातीत, हात डोक्यावर. शिट्टीबिगर कोनी हलायचं नाय."

पोरं धपाधप पडली. अपूर्व उभाच.

"मामा, मी..."

"तूबी मेला, राजा. आज खरंच मर रे बाबा."

पडला. जगन त्याच्या शेजारी. माश्या डोक्यावरून गेल्या, परत आल्या. एक अपूर्वच्या मानेवर बसली, चालत कानापाशी गेली. पोराची बोटं मातीत रुतली, पण मान हलली नाही. जगनच्या ओठाला तिघी डसल्या. त्याने "आय" गिळली.

किती वेळ गेला देव जाणे. घूं विरलं. जगनने एकेकाच्या पायाला हात लावून बाकी सगळ्यांना रांगत उतरवलं. अपूर्व उठेना. त्याने पोराला उलटं केलं. डोळे मिटलेले, गाल ओले.

"अपूर्वा?"

"शिट्टी कुठे झाली?" ओठ न हलवता पोरगा पुटपुटला.

तिथे शिट्टी कुठली फुंकतोय! जगनने त्याला खांद्यावर टाकलं आणि दरवाजापर्यंत नेलं. बाईंनी पोरं मोजली, चाळीस भरली. मग जगनने सुजल्या ओठांनी शिट्टी फुंकली. फुस्स.

अपूर्वने डोळे उघडले.

"मामा, तो नाकावरचा बोळा... लागला होता मला."