पिशवीच्या काठावरचे टाके

मित्रांनो, मेलिसचं वागणं मला मुळीच पटलं नव्हतं. मी एक जुनी नमद्याची पिशवी आहे. घोड्यांच्या कळपामागे हिंडणाऱ्या त्या चाळिशीच्या गड्याला शिकवणारी मी कोण? पण ज्याची आई अजून जिती आहे, त्यानं जिवाची अशी हेळसांड करू नये, एवढं मलाही कळतं.

मला त्याच्या आईनं, उल्काननं घडवलं. लोकर गरम पाण्यानं भिजवून, चटईत गुंडाळून तिनं दिवसभर पायांनी तुडवली, तेव्हा मी झाले. बरीच वर्षं तंबूच्या जाळीदार भिंतीवर लटकून मी मीठ सांभाळलं. पाहुणे माझी नक्षी वाखाणायचे. पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि माझी रवानगी रजयांखाली झाली. तीन उन्हाळे मला कुणी हात लावला नाही.

मग मेलिस भावाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त द्यायला गेला. त्याचं रक्त घेतलंच नाही. आधीच्या तपासणीत त्यात हिपॅटायटिस बी निघाला. त्याचा बाप याच दुखण्यानं पोट फुगून गेला होता. उल्काननं मला झटकलं आणि मेलिसच्या तपासणीचे कागद माझ्या पोटात ठेवले.

डॉक्टर दामिरानं तिला समजावलं होतं, की हा रोग कधी निजतो, कधी उठतो, आणि ते चेहऱ्यावरून कळत नाही. रक्तातल्या खुणा पाहाव्या लागतात: विषाणू किती आहेत, किती जोमानं वाढताहेत, यकृताला सूज आहे का. सगळ्या खुणा एकत्र पाहायच्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायच्या. उल्कानला आकडे वाचता येत नाहीत. तिनं आपली युक्ती काढली. रोग निजलेला निघाला की माझ्या काठावर पांढरा टाका, उठलेला निघाला की लाल.

चार पांढरे टाके पडले. औषध लागलं नाही. मेलिसला वाटलं, सुटलो. चौथा कागद तर तो शर्यत जिंकल्यासारखा पाहुण्यांना दाखवायचा. मग दोन वर्षं तपासणी नाही. कधी घोडी विणार असायची, कधी रस्ता खराब.

उन्हाळी कुरणाकडे निघायच्या सकाळी सामान घोड्यांवर चढलं होतं. उल्कान मला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.

"अपा, ऊठ आता," मेलिस आईला म्हणाला. "मला काही होत नाही."

"बोट लाव इथं. टाके किती?"

"चार."

"आणि त्यापुढे?"

"काही नाही."

"काही नाही, काही नाही, असंच तुझा बाप म्हणायचा."

मेलिसनं घोड्यांवरचं सामान उतरवलं.

तालुक्याला तपासलं तर विषाणू कितीतरी पटींनी वाढलेले, यकृत सुजलेलं. पण अजून निबर झालं नव्हतं. वेळेवर आलात, असं दामिरा म्हणाली. रोजची गोळी सुरू झाली. उल्काननं लाल टाका घातला. तो टाका वाकडा आहे. माझ्या सगळ्या नक्षीत मला तोच प्यारा आहे.

मित्रांनो, आपल्या माणसाचे कागद नीट जपा, पण जुन्या कागदावर विसंबू नका. तो त्याच दिवसाचं सांगतो, आजचं नाही.

वर्षानं पुन्हा पांढरा टाका पडला. मेलिस हसत म्हणाला, "अपा, आता तरी झालं ना?"

उल्काननं दातांनी दोरा तोडला.

"झालं नाही, निजलंय. गोळी चुकवायची नाही. काठ अजून हातभर उरलाय, आणि मीही मेले नाही."