दोन पोती गहू
गोदामाचं दार दिवसभर सताड उघडं ठेवायचं, असा नियमच होता. छताला टेकलेली पोती रस्त्यावरून दिसली की सरकारकडे धान्य आहे हे लोकांना पटायचं आणि भाव चढवताना व्यापारीही दहादा विचार करायचे.

त्या सकाळी गोदामातल्या काकूंनी नमुना काढायला थप्पीत पोकळ सळई खुपसली. दर्शनी पोती ठणठणीत होती. आतल्या पोत्यातून मात्र सळई निघाली ती गरम, आणि तिच्यातला गहू काळा पडलेला, कुबट. त्यांनी आणखी चार ठिकाणी खुपसून पाहिली. सगळीकडे तेच! काकू मूठभर गहू घेऊन गोदामाच्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी चिमूटभर गहू हुंगला आणि दाराकडे बघत खिशात टाकला. "नवा माल यायला आठवडा लागेल. तोवर बोभाटा झाला तर व्यापारी दुप्पट भाव लावतील. माल आधीच विकून बसलेल्या शेतकऱ्यांनाही त्यातलं काही मिळायचं नाही. तोंडाला कुलूप, काकू."

तोंडाला कुलूप लागलं खरं, पण पायांना कोण लावणार? जेवणाच्या सुट्टीत काकू थेट किराणा दुकानात.

"दोन पोती गहू घरी पाठव."

"एरवी पाच किलोवाल्या तुम्ही! लग्नबिग्न काढलंत की काय?" दुकानदार हसला.

"पाहुणे येणारेत."

मागे शेजारीण उभी होती. काकूंच्या घरात कोण शिंकलं हेसुद्धा तिला ठाऊक असायचं. "अगंबाई, गोदामवाल्याच पोती भरतायत!" असं म्हणत तिनं स्वतःसाठी तीन सांगितली.

संध्याकाळी काकू घरी निघाल्या तेव्हा दुकानापुढची रांग वळणापर्यंत गेली होती आणि भावाची पाटी पुन्हा पुन्हा पुसून लिहिली जात होती. रांगेच्या शेवटी कापडी पिशवी घेऊन त्यांची थोरली बहीण उभी होती. रोज कमवावं, रोज आणावं, असं तिचं घर. दोन पोती घेताना काकूंनी नातवंडांपर्यंत सगळी तोंडं मोजली होती. ताईचं घर आठवलंसुद्धा नव्हतं.

"बरी भेटलीस गं. आजचा भाव मला झेपायचा नाही. तू खरं सांग, आहे ना गोदामात धान्य?"

आसपासची डोकी वळली.

"आहे की. चिकार आहे."

"मग मी कशाला पाय मोडत उभी राहू? उद्या उतरेल भाव." ताईनं पिशवीची घडी काखेत मारली आणि ती घराकडे निघाली.

ताई, थांब, असं ओरडावंसं काकूंना वाटलं. पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि रांगेतलं दुसरं कुणीही जागचं हललं नव्हतं.