शून्य करायचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं! निकेल आणि लोखंडाची वाफ काचेच्या तुकड्यावर बसली, की नखाएवढा चकचकीत पापुद्रा तयार होतो. तीच मी.

मला घडवलं धाकटीनं. प्रयोगशाळेत ती वयानं सर्वांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिनं माझ्या दोन टोकांना वीज आणणाऱ्या-नेणाऱ्या तारा लावल्या आणि दोन्ही कडांना, अगदी समोरासमोर, व्होल्टेज मोजणाऱ्या. तारा चिकटवताना ती श्वाससुद्धा रोखून धरायची.

काम तसं सोपं होतं. माझ्यातून वीज सोडायची, जवळ चुंबक आणायचं आणि कडांमध्ये किती व्होल्टेज येतं ते पाहायचं. चुंबकाचा जोर मला आरपार छेदून गेला, तर व्होल्टेज येणार. तो माझ्या पातळीतच आडवा असला, तर काही येऊ नये. निदान प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं तसं मत होतं. त्यांची हयात तांबं मोजण्यात गेली होती, आणि तांबं तसंच वागतं.

मी तशी वागले नाही. चुंबक आडवं, तरी माझ्या कडांवर व्होल्टेज!

“तारा वाकड्या लावल्यास,” बाई सगळ्यांसमोर कडाडल्या. “एवढंसं काम! हात आहेत की फावडी?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटीचे कान लाल झाले. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यातच काही खोट आहे, असं तेव्हा मला खरंच वाटलं.

तिनं तारा काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. माझ्या कडा ओरबाडून निघाल्या, पण व्होल्टेज काही हटेना. शेवटी ती एक भलतंच करून बसली. मीटरला शून्य करायचं बटण असतं. ते मोजायला सुरुवात करण्याआधी एकदाच फिरवायचं असतं. ती मात्र चुंबक जरा वळवलं की बटण फिरवू लागली. मी तोंड उघडलं रे उघडलं, की बटण! कागदावर सपाट रेघ आली.

“बघ, जमलं की!” बाईंनी तिची पाठ थोपटली. “आणि फिल्म तरी किती गुणी!”

मित्रांनो, ते कौतुक आम्हा दोघींनाही टोचत होतं. तीच रेघ शोधनिबंधात छापायला पाठवायचं ठरलं, तेव्हा धाकटीला राहवेना. एका सकाळी ती बाईंना माझ्यापाशी घेऊन आली.

“बाई, ती रेघ खोटी आहे. मी दर वेळी शून्य करत होते. आता बटणाला हात लावत नाही. बघा.”

तिनं चुंबक हळूहळू फिरवलं. व्होल्टेज चढलं, शून्यावर आलं, उलट बाजूला तेवढंच गेलं आणि परत आलं. एका फेरीत असं दोनदा झालं.

“तारा वाकड्या असत्या, तर ते एकाच बाजूला राहिलं असतं ना?”

बाई मीटरवर वाकल्या. तांबं चुंबकीय नसतं, मी आहे; अशा चुंबकीय धातूत वीज एका दिशेला आणि धातूचं स्वतःचं चुंबकत्व तिच्याशी तिरपं असलं, की आडव्या चुंबकानंही कडांवर व्होल्टेज येतं. याला प्लेनर हॉल परिणाम म्हणतात. तो माझा स्वभाव होता, खोट नव्हती. बाईंना ते कळलं. त्यांचा चेहराच उतरला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “नीट मोजून ठेव.”

बस्, एवढंच. धाकटीनं नीट मोजून ठेवलं, आणि काम सोडायचं ठरवलं.

“बाई, येते मी. माझे हात या कामाचे नाहीत,” शेवटच्या दिवशी ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघाली.

बाईंनी मला चिमट्यानं उचललं. माझ्या ओरबाडलेल्या कडांकडे पाहत त्या पुटपुटल्या, “चुकलं गं माझं, पोरी. तुझे हात चांगले होते.”

जिन्यावर तिची पावलं अजून वाजत होती.

मित्रांनो, त्या माफीची मला आजही लाज वाटते, कारण ती माझ्यासाठी नव्हतीच. मला ती पोचवताही येत नाही. आम्हा नाजूक वस्तूंना जपून हाताळा, ही विनंती तर आहेच. पण कुणाला चारचौघांत टाकून बोललात आणि चूक तुमचीच निघाली, तर फिल्मपाशी पुटपुटू नका. पावलं ऐकू येताहेत तोवर दार उघडा आणि हाक मारा.