गंगूबाईसाठी शेगडी

"इथं चूल नाई मांडाची म्हणून कितीदा सांगावं, बाबा?" असं म्हणत चौकीदाराने काठीने तिन्ही विटा उधळल्या.

खुशालरावने विटा गोळा करून भिंतीशी ठेवल्या. तेल्हाऱ्याकडे त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मोतीबिंदू काढायला बायकोला, गंगूबाईला, त्याने अकोल्याच्या दवाखान्यात आणले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हलायचे नाही, चावायचेही नाही. पातळ जेवण घरच्यांनीच रांधून द्यायचे आणि अंगणात चूल मांडायला मात्र मनाई, कारण धूर रोग्यांच्या खोलीत शिरे.

तो तडक बाजारात गेला. वाण्याकडून रॉकेलचा गंजका डबा मागून आणला, तेलाचा एक लहान डबा उकिरड्यावर सापडला. लोहाराची छिन्नी घेऊन त्याने डब्यांना तोंड पाडले, खिळ्याने भोके केली. लहान डबा मोठ्यात बसवून मधल्या फटीत राख ठासली. फुटक्या बादलीची कडी वर अडकवली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्या पेटवल्या, तसा जरासा धूर निघाला आणि मग जाळ सरळ वर उभा राहिला.

चौकीदार धावत आला.

"हे चूल नोहे," खुशालराव म्हणाला, "हातात धरून नेता येते, हे पाहा!" आणि त्याने पेटती शेगडी उचलून दाखवली. कडीचा चटका बसला, पण त्याने ती सोडली नाही.

चौकीदाराला हसू आले. "ठेव त्या कोपऱ्यात."

जन्मात त्याने कधी काही शिजवले नव्हते. खाटेपाशी जाऊन विचारायचे आणि शेगडीकडे पळायचे, असे चालले.

"पानी उकयलं का?"

"बुडबुडे येऊन रायले."

"मंग कण्या टाका. हालवत राहा, नाईतं बुडाले लागते."

त्या लागल्याच. त्याने चमच्याने भरवल्या.

"काहून चूप हाय व?"

"मीठ कोनाच्या बापाचं टाकलं?" गंगूबाई म्हणाली. "हासवू नका आता, डोये दुखतेत."

पट्टी निघाली त्या सकाळी डॉक्टर तिच्यासमोर उभे होते. खुशालराव पायथ्याशी.

"उजेड दिसते," ती म्हणाली. मग तिने विचारले, "बोटं दाखवून रायले का तुमी?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. रोग फार जुना झाला होता, म्हणाले.

घरी आल्यावर ती अंदाजानेच चुलीपुढे बसली. पदराला ठिणगी लागली. खुशालरावने ती मुठीत विझवली, तिला हाताला धरून अंगणात नेले आणि शेगडी पेटवली.

शेजारची माणिकबाई कुंपणाशी थबकली. "बाप्पा! खुशालराव, तुमी भाकर थापता?"

"थापतो. तुयासाठी बी टाकू का एक?"

ती हसत निघून गेली. भाकर फुगली, तशी त्याने ती गंगूबाईच्या तळहातावर ठेवली. तिने बोटे सगळीकडून फिरवली.

"कडा जाड झाल्या."

"हो का?"

त्याने दुसरा गोळा घेतला. परातीत थापताना कडेकडेने बोटे फिरवत राहिला, पातळ होईपर्यंत.